फोनवरचा निरोप वेळेवर मिळण्यासाठी: मेसेजिंग आणि पुश ईमेलची मांडणी

संदेश उशिरा मिळाला की आपल्याकडे पहिला ठपका टॉवरवर येतो. धडगाव-तोरणमाळच्या बाजूला किंवा सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर तो ठपका पुष्कळदा खराही असतो. पण जळगाव, धुळे किंवा भुसावळसारख्या शहरात, रेंजच्या सगळ्या काड्या दिसत असताना, अ‍ॅप उघडल्याबरोबर पाच-सहा संदेश एकदम येऊन आदळत असतील, तर दोष बहुधा फोनमधील बॅटरी वाचवणाऱ्या व्यवस्थेचा असतो. सावद्याच्या व्यापाऱ्याने रात्री साडेनऊला ‘गाडी सकाळी सहाला लागेल, मजूर तयार ठेवा’ असे कळवलेले असते आणि चिनावलच्या शेतकऱ्याला ते पहाटे फोन हातात घेतल्यावर दिसते. तोवर मजुरांची टोळी दुसऱ्याच्या बागेत कापणीला निघून गेलेली असते. ईमेलमध्ये हाच प्रकार मुलाखतीच्या पत्राबाबत, निविदेच्या खुलाशाबाबत किंवा महाविद्यालयाच्या सूचनेबाबत घडतो. यातील बराचसा उशीर घरबसल्या, एक पैसाही खर्च न करता टाळता येतो.

पुश म्हणजे नेमके काय

सर्व्हरवर, म्हणजे आपली पत्रे सांभाळणाऱ्या कंपनीच्या संगणकावर, नवीन काही आले आहे का, असे फोनने ठरावीक वेळाने विचारत राहणे ही ईमेलची जुनी पद्धत आहे आणि सेटिंग्जमध्ये तिला फेच म्हणतात. मुदत पंधरा मिनिटांची ठेवली तर दिवसातून ९६ वेळा विचारणा होते, त्यातील बहुतेक वेळा हाती काहीच लागत नाही, बॅटरी मात्र प्रत्येक वेळी थोडी खर्च होते आणि एवढे करूनही पत्र काही मिनिटे उशिराच दिसते. पुश पद्धतीत फोन आणि सर्व्हर यांच्यात एक जोडणी उघडी ठेवलेली असते आणि पत्र आले की सर्व्हर स्वतःहून फोनला जागे करतो. ही सोय लोकांच्या अंगवळणी पाडली ती ब्लॅकबेरीने. त्यांचे पहिले ईमेल यंत्र १९९९ मध्ये आले आणि २०२२ च्या जानेवारीत त्यांच्या जुन्या फोनांच्या सेवा कायमच्या बंद झाल्या. अ‍ॅपलची पुश सेवा २००९ मध्ये सुरू झाली, व्हॉट्सअ‍ॅपही त्याच वर्षीचे, आणि अँड्रॉइडवर गूगलची अशी सेवा २०१० मध्ये आली.

अँड्रॉइडवर प्रत्येक अ‍ॅपने स्वतःची वेगळी जोडणी उघडी ठेवावी असे अपेक्षित नाही. बाजार समितीच्या फाटकावर एकच रखवालदार असावा आणि आलेल्या माणसाला त्याने ज्याच्या त्याच्या गाळ्याकडे पाठवावे, तसे गूगलची एक सेवा सगळ्या अ‍ॅप्सच्या वतीने निरोप घेते आणि संबंधित अ‍ॅपला उठवते. जोडणी शाबूत आहे ना, हे पाहण्यासाठी ही सेवा अधूनमधून एक छोटासा संकेत पाठवते. जोडणी मधल्यामध्ये तुटलेली असेल आणि फोनला त्याचा पत्ताच नसेल, तर पुढचा संकेत जाईपर्यंत निरोप अडकून पडतो. भुसावळहून चाळीसगावकडे जाणाऱ्या रेल्वेत काही वेळ पूर्ण शांतता आणि मग एकदम पाच संदेश, असे होते त्यामागचे एक कारण हेच आहे.

२०१५ मध्ये अँड्रॉइडच्या सहाव्या आवृत्तीत डोझ नावाची सोय आली. चार्जिंगला न लावलेला फोन स्क्रीन बंद करून एका जागी पडून राहिला की अ‍ॅप्सचे इंटरनेट रोखले जाते आणि मधूनमधून थोडा वेळ मोकळे केले जाते. तातडीची खूण असलेले निरोप या बंधनातूनही पार होतात आणि चॅट अ‍ॅप्स ती खूण वापरतात, त्यामुळे एकट्या डोझमुळे फारसे बिघडत नाही. खरी अडचण फोन बनवणाऱ्या कंपन्यांनी त्यावर आपापले जे कडक नियम चढवले आहेत, त्यांची आहे. जाहिरातीत दोन दिवसांची बॅटरी दाखवायची तर कुठेतरी काटकसर करावीच लागते, आणि ती आपल्या निरोपांच्या जिवावर केली जाते.

अँड्रॉइडवर करावयाचे बदल

प्रथम सेटिंग्जमधील अ‍ॅप्सच्या यादीत जाऊन व्हॉट्सअ‍ॅप, जीमेल किंवा जे अ‍ॅप महत्त्वाचे असेल ते उघडावे. तेथे बॅटरी या शीर्षकाखाली साधारणतः तीन पर्याय दिसतात. त्यांतील अनरिस्ट्रिक्टेड हा पर्याय निवडावा. शाओमी, विवो, ओप्पो, रिअलमी या फोनांवर याखेरीज ऑटोस्टार्ट नावाची परवानगी वेगळी द्यावी लागते आणि ती दिली नाही तर पहिल्या बदलाचा पुरेसा उपयोग होत नाही. सॅमसंगवर बॅटरीच्या पानात स्लीपिंग अ‍ॅप्स आणि डीप स्लीपिंग अ‍ॅप्स अशा दोन याद्या असतात. आपले अ‍ॅप त्यांपैकी कोणत्याही यादीत नाही याची खात्री करून घ्यावी, कारण जे अ‍ॅप आपण काही दिवस उघडत नाही त्याला फोन स्वतःहून त्या यादीत टाकू शकतो. पर्यायांची नावे कंपनीगणिक बदलतात, म्हणून सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत ‘बॅटरी’ किंवा ‘ऑटोस्टार्ट’ असे शोधणे सर्वांत सोपे पडते.

त्यानंतर त्याच अ‍ॅपच्या मोबाइल डेटाच्या पानावर बॅकग्राउंड डेटा चालू आहे का ते पाहावे. फोनमध्ये डेटा सेव्हर चालू असेल तर या अ‍ॅपपुरती त्यातून सूट द्यावी. २०२२ पासूनच्या, म्हणजे अँड्रॉइड १३ पासूनच्या फोनांवर नव्या अ‍ॅपला नोटिफिकेशन दाखवण्यासाठीही आपली परवानगी लागते; अ‍ॅप टाकताना घाईत ‘नको’ म्हटले गेले असेल तर निरोप वेळेवर येतो, पण गुपचूप येतो.

एका सवयीविषयी येथे सांगणे आवश्यक आहे. फोन हलका व्हावा म्हणून दिवसातून दहा वेळा सगळी अ‍ॅप्स वर सरकवून बंद करणारे आणि त्यासाठी ‘क्लीनर’ अ‍ॅप वापरणारे लोक पुष्कळ आहेत. सेटिंग्जमधून फोर्स स्टॉप केलेल्या अ‍ॅपला ते पुन्हा हाताने उघडेपर्यंत पुश निरोप मिळतच नाही, आणि काही कंपन्यांच्या फोनांवर नुसते वर सरकवल्यानेही तसाच परिणाम होतो. क्लीनर अ‍ॅप काढून टाकावे. त्याने फोन वेगवान होतो या समजुतीला फारसा आधार नाही. बंद केलेले अ‍ॅप पुन्हा सुरू करण्यातच जास्त बॅटरी जाते.

बदल झाले की त्यांची परीक्षा घ्यावी आणि ती घाईने घेऊ नये. फोन पूर्ण चार्ज करून चार्जरवरून काढावा, स्क्रीन बंद करून टेबलावर ठेवावा आणि तासभर त्याला हात लावू नये. मग घरातील दुसऱ्या माणसाला आपल्याला एक व्हॉट्सअ‍ॅप संदेश आणि लगोलग एक ईमेल पाठवण्यास सांगावे. पाठवणाऱ्याच्या फोनवर दोन टिका किती वेळाने उमटल्या हे पाहिले की निकाल कळतो: एकच टीक राहिली तर निरोप आपल्या फोनपर्यंत पोहोचलेलाच नाही, दोन टिका उमटूनही आवाज झाला नाही तर दोष नोटिफिकेशनमध्ये आहे. फोन हातात असताना घेतलेली परीक्षा निरुपयोगी असते, कारण तेव्हा तो जागाच असतो.

आयफोनवर ही झटापट बरीच कमी आहे. तेथे तीन जागा पाहाव्यात: लो पॉवर मोड सतत चालू राहिला असेल तर ईमेलचे फेच थांबते, फोकस चालू असेल तर नोटिफिकेशन गप्प बसतात, आणि २०२१ पासून आलेल्या शेड्यूल्ड समरीमध्ये एखादे अ‍ॅप गेले असेल तर त्याच्या सूचना दिवसातून ठरलेल्या वेळीच एकगठ्ठा दिसतात.

ईमेल: कोणते खाते, कोणते अ‍ॅप

ईमेलच्या बाबतीत पुश मिळणे हे खाते आणि अ‍ॅप यांच्या जोडीवर अवलंबून असते, आणि हे ठाऊक नसल्यामुळे लोक नाहक फोन बदलतात. जीमेलचे खाते जीमेलच्याच अ‍ॅपमध्ये असेल तर पुश मिळते. तेच खाते आयफोनच्या मूळ मेल अ‍ॅपमध्ये जोडले तर पुश मिळत नाही, तेथे पंधरा मिनिटांचे फेच हाच सर्वांत जलद पर्याय राहतो. म्हणून जीमेल वापरणाऱ्याने आयफोनवरही जीमेलचे अ‍ॅप टाकावे. आयक्लाउडचे खाते अ‍ॅपलच्या मेलमध्ये आणि कंपनीचे मायक्रोसॉफ्टवरील खाते आउटलुकमध्ये ठेवावे, म्हणजे प्रश्न उरत नाही.

गुंता होतो तो स्वतःच्या नावाच्या डोमेनवर चालणाऱ्या पत्त्यांचा. जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील चटईचा कारखाना असो, डाळ मिल असो किंवा सराफाची पेढी असो, वेबसाइट बनवून देणाऱ्याने सोबत दिलेला ईमेल पत्ता बहुधा आयमॅप किंवा पॉप या पद्धतीने चालतो. यांतील पॉप टाळावे. पॉपमध्ये पुश नसते, आणि कार्यालयातील संगणकाने पत्र उतरवून घेतले की सर्व्हरवरची प्रत पुसली जाईल अशी मांडणी बऱ्याचदा असते, त्यामुळे मालकाच्या फोनवर ते पत्र कधी दिसतच नाही. आयमॅपमध्ये सगळी पत्रे सर्व्हरवर राहतात आणि प्रत्येक यंत्रावर सारखीच दिसतात. पुशसाठी आयमॅपमध्ये आयडल नावाची सोय आहे आणि तिचे प्रमाणीकरण १९९७ सालीच झालेले आहे. प्रश्न एवढाच की आपले अ‍ॅप ती वापरते का. जीमेलच्या अ‍ॅपमध्ये असे बाहेरचे आयमॅप खाते जोडले तर ते ठरावीक मिनिटांनी विचारणा करत बसते. अँड्रॉइडवरील थंडरबर्ड मात्र, जे के-नाइन मेल या अ‍ॅपच्या पायावर २०२४ मध्ये आले, आयडल वापरून पत्र तत्काळ आणते. ते मोफत आहे, आणि अशा पत्त्यांसाठी माझा कल त्याच्याकडेच आहे. खाते जोडताना येणाऱ्या पत्रांसाठी ९९३ आणि जाणाऱ्यांसाठी ४६५ किंवा ५८७ हे पोर्ट, म्हणजे जोडणीचे क्रमांक, द्यावेत आणि सुरक्षेचा पर्याय ‘काहीही नाही’ असा कधीही ठेवू नये.

जीमेलच्या अ‍ॅपमध्ये प्रत्येक खात्याच्या सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशनचे तीन पर्याय असतात: सगळी पत्रे, फक्त महत्त्वाची, किंवा एकही नाही. महत्त्वाचे काय हे गूगल ठरवते आणि ते नेहमी आपल्या मताशी जुळतेच असे नाही, म्हणून नोकरीच्या किंवा प्रवेशाच्या पत्राची वाट पाहत असाल तर त्या काळात सगळी पत्रे हा पर्याय ठेवावा. त्याच पानावर सिंक जीमेल या चौकोनात खूण आहे का तेही पाहावे. ती नसेल तर बाकी सगळे बरोबर असूनही पत्र येत नाही.

पत्रे अचानक पूर्ण बंद होण्याचे एक कारण मात्र ईमेलमध्ये नसतेच. गूगलच्या मोफत खात्यात १५ जीबी जागा मिळते आणि ती जीमेल, फोटो व ड्राइव्ह यांच्यात विभागलेली असते. अँड्रॉइडवरील व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप पूर्वी या हिशेबात धरला जात नसे, पण २०२४ पासून तो धरला जातो. लग्नाच्या ग्रुपवरचे हळदीचे व्हिडिओ, रोजच्या सुप्रभाताची चित्रे आणि कीर्तनाच्या फिती यांनी ती जागा भरून गेली की खात्यात नवीन पत्र शिरणेच थांबते आणि पाठवणाऱ्याकडे ते परत जाते. यावर उपाय असा की व्हॉट्सअ‍ॅपच्या चॅट बॅकअपमध्ये व्हिडिओ समाविष्ट करण्याचा पर्याय बंद करावा, स्टोरेजच्या सेटिंग्जमध्ये माध्यमांचे आपोआप डाउनलोड फक्त वायफायपुरते ठेवावे किंवा साफ बंद करावे, आणि त्याच पानावरून सर्वांत जड ग्रुप शोधून त्यातील फायली काढून टाकाव्यात.

गप्प कोणाला बसवावे

सगळ्यांनाच फोन वाजवण्याची मुभा दिली तर वाजणाऱ्या फोनकडे माणूस पाहीनासा होतो आणि कामाचा निरोप पुन्हा हुकतो. ग्रुप ‘कायमचे’ या मुदतीने म्यूट करावेत. म्यूट केल्याने आपण ग्रुपमधून बाहेर पडत नाही आणि कोणाला ते कळतही नाही, त्यामुळे भाऊबंदकीत रुसवाफुगवी होण्याचे कारण नाही. उलट ज्या चार-दोन माणसांचा निरोप तातडीचा असतो, म्हणजे व्यापारी, वाहनचालक, कारखान्याचा फोरमन किंवा घरचे वडीलधारे, त्यांच्या चॅटमध्ये जाऊन वेगळा नोटिफिकेशन आवाज ठेवावा. रात्री डू नॉट डिस्टर्ब लावताना हेच संपर्क अपवादात टाकावेत. खरेदीच्या, खेळांच्या आणि कर्ज देऊ करणाऱ्या अ‍ॅप्सची नोटिफिकेशन समूळ बंद करावीत. त्यांच्याकडून आपल्याला हवा असा निरोप फारच क्वचित येतो.

वीज, ऊन आणि डोंगर

वीज गेली की राउटर बंद पडतो. फोन वायफाय सोडून मोबाइल डेटावर जातो, पण तो डेटा बंद करून ठेवलेला असेल तर जातो कुठे? घरी वायफाय असले तरी मोबाइल डेटा चालूच ठेवावा. याहून फसवी स्थिती म्हणजे इन्व्हर्टरवर राउटर चालू राहतो, वायफायचे चिन्ह दिसते, पण मागची केबलची लाइन बंद असते. इंटरनेट नसलेल्या वायफायवरून आपोआप मोबाइल डेटाकडे वळण्याचा पर्याय वायफायच्या सेटिंग्जमध्ये असतो, तो चालू करून ठेवावा.

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तर अ‍ॅपलने आयफोन वापरण्यासाठी दिलेली मर्यादा ३५ अंशांची आहे. गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा ट्रॅक्टरच्या बॉनेटवर ठेवलेला फोन तापला की चार्जिंग थांबते आणि काही वेळा फोनच बंद होतो. तो खिशात किंवा सावलीत ठेवावा, फ्रीजमध्ये मात्र ठेवू नये.

जेथे रेंज येते-जाते, तेथे फोटो पाठवण्याऐवजी दोन ओळी लिहून पाठवाव्यात, कारण मजकूर काही बाइटांचा असतो आणि क्षणभर मिळालेल्या रेंजमध्येही निसटून जातो. पोहोचू न शकलेला संदेश व्हॉट्सअ‍ॅपचा सर्व्हर ३० दिवस सांभाळतो, त्यामुळे एकच टीक दिसते म्हणून तोच संदेश पाच वेळा पाठवण्याची गरज नसते. डेटा अजिबात चालत नसेल आणि काम त्याच दिवसाचे असेल तर साधा एसएमएस करावा. त्याला इंटरनेट लागत नाही.

निरोप कसा लिहिला आहे यावरही पुष्कळ अवलंबून असते. ‘उद्या या’ एवढ्यावर काम भागत नाही. ‘बुधवार सकाळी ६, चिनावल, नवती केळी, अंदाजे ८० क्विंटल, भाव त्या दिवशीच्या बोर्डाप्रमाणे’ असे लिहिले तर लॉक स्क्रीनवरच सगळे वाचून होते आणि महिन्याने हिशेबाला बसल्यावर शोधूनही सापडते. ज्यांना टाइप करणे जड जाते त्यांनी जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्डवरील मराठी व्हॉइस टायपिंग, म्हणजे बोलून लिहिण्याची सोय, वापरावे. अहिराणीत किंवा लेवा बोलीत बोलल्यास ते गोंधळते, तेव्हा सरळ व्हॉइस मेसेज करावा आणि तारीख व आकडा तेवढा खाली लिहून टाकावा. वजन आणि रक्कम यांचा वाद पुढे होण्याची शक्यता असेल तेथे चॅटवर न थांबता विषय नीट लिहून ईमेल करावा. जोडलेल्या फायलींची मर्यादा जीमेलमध्ये २५ एमबी आहे.

सुरक्षेसाठी एवढे तरी करावे

वेळेवर पोहोचणारा निरोप चोराचाही असू शकतो. लग्नपत्रिका, वाहनाचे चलन, शेतकरी योजनेची यादी अशा नावांनी आलेली आणि शेवटी एपीके असे लिहिलेली फाइल ओळखीच्या माणसाच्या क्रमांकावरून आली तरी उघडू नये; ते अ‍ॅप असते, ते एसएमएस वाचते आणि ओटीपी परस्पर पळवते, आणि ओळखीच्या माणसाचा फोन आधीच त्याच्या ताब्यात गेलेला असतो. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा अंकी पिन लावावा, लिंक्ड डिव्हाइसेसमध्ये अनोळखी यंत्र दिसल्यास ते काढून टाकावे आणि लॉक स्क्रीनवर मजकूर दिसू द्यायचा की नुसते नाव, हे ठरवावे. गाडीची वेळ बाहेरून दिसलेली बरी, ओटीपी दिसलेला बरा नाही. म्हणून हा पर्याय अ‍ॅपगणिक वेगळा ठेवावा आणि एसएमएसचा मजकूर तेवढा झाकावा. व्हॉट्सअ‍ॅपवरील संदेश २०१६ पासून दोन्ही टोकांना कुलूपबंद असतात, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा यांच्याखेरीज मधल्या कोणालाही वाचता येत नाहीत; टेलिग्रामच्या साध्या चॅटला ते संरक्षण नसते, आणि ईमेलला तर बहुधा नसतेच. आधार, पॅन किंवा बँकेचे कागद पाठवताना हा फरक लक्षात घ्यावा. पैसे गेलेच तर विलंब न करता सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या मदत क्रमांकावर कळवावे.

फोनची मोठी अपडेट झाल्यावर किंवा नवा फोन घेतल्यावर बॅटरीची ही सूट आणि ऑटोस्टार्टची परवानगी पुन्हा मूळ स्थितीला गेलेली असू शकते, म्हणून वर सांगितलेली तासाभराची परीक्षा त्या वेळी पुन्हा घ्यावी. सिमचा क्रमांक बदलत असाल तर जुने सिम बंद करण्यापूर्वी व्हॉट्सअ‍ॅपमधील चेंज नंबर वापरावे, आणि गूगल खात्यात पासवर्ड परत मिळवण्यासाठी दिलेला जुना क्रमांकही त्याच दिवशी बदलावा; बंद झालेला क्रमांक काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो.